आमचा पिनकोड

आमच्या घरात हळू बोलणारं माणूस नव्हतं. गिरणी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत होती. गिरणी चालू झाली की ती भिंत थरथरायची, मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजायच्या आणि आई फोडणी घालता घालता ओरडून विचारायची, "भाकरी किती टाकू गं?" मी तितक्याच जोरात उत्तर द्यायची. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. दळण आणणाऱ्या बायकाही आमच्या दारात ओरडूनच बोलायच्या, आणि त्यामुळं परंडा तालुक्यातल्या पाच-सहा गावांतलं एकही गुपित आमच्या गिरणीत गुपित राहत नसे. पीठ सगळीकडं असायचं. कपाळावर, पापण्यांवर, देवाच्या फोटोवर. ताज्या दळलेल्या ज्वारीचा तो कोमट वास मला अजूनही झोपेतून उठवू शकतो. गिरणी बंद झाली की आई चुलीपुढं बसायची. येसराच्या मसालेदार पिठाची आमटी, भाकरी, दगडी खलात कुटलेली शेंगादाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. आम्ही जेवायला बसायचो आणि शांततेतही ओरडूनच बोलायचो, कारण समोर अण्णा असायचे.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू येत नव्हतं. जन्मापासून नव्हे, गिरणीनं हळूहळू त्यांचे कान खाल्ले. मला कळायला लागलं तेव्हा ते ओठांकडं बघून अर्धं समजून घ्यायचे आणि उरलेल्याला मान हलवायचे. पुढं बार्शीला एका शिबिरात त्यांना कानात घालायचं यंत्र मिळालं. आम्ही त्याला मशीनच म्हणायचो. शिबिरातल्या बाईंनी त्यात सदऱ्याच्या गुंडीपेक्षाही बारीक बॅटरी बसवली, मशीन कानात घातलं आणि विचारलं, "येतंय का ऐकू?" अण्णा दचकले आणि म्हणाले, "ओरडू नका बाई." घरी आले त्या संध्याकाळी आई चुलीपाशी होती. अण्णा उंबऱ्यावर बसले होते. थोड्या वेळानं ते तिला म्हणाले, "तू गुणगुणतीस व्हय?" आई लाजली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं गुणगुणणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती गप्प झाली, तर म्हणाले, "आगं थांबलीस का? म्हण की."

मी तेव्हा परंड्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. बसस्थानकाच्या समोर, औषधाच्या दुकानावरच्या माडीत तो क्लास होता. बारावीनंतर शिवणक्लास लाव असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी वेबसाईट बनवायचा कोर्स घेतला, कारण फलकावर त्याचं नाव सगळ्यात खाली लिहिलं होतं आणि कदम सर म्हणाले होते की हा कोर्स मुली घेत नाहीत. एवढं कारण मला तेव्हा पुरायचं. आजही पुरतं. क्लासात कॉम्प्युटर मोजके, त्यात वीज जायची. वीज गेली की सर खडू घेऊन फळ्यावर एचटीएमएल, म्हणजे वेबसाईट लिहायची भाषा, शिकवायचे. दोन टोकदार कंस, त्यात शब्द. हा टॅग उघडला, मग मजकूर, मग तिरकी रेघ घालून तोच टॅग बंद. मी वहीत पानंच्या पानं वेबसाईटी लिहिल्या आहेत. वीज आली की त्या टाइप करायच्या आणि चालतात का बघायचं. एखादा टॅग बंद करायचा राहिला की खालचं सगळं पान ठळक होऊन बसायचं. सर म्हणायचे, तुझ्यासारखंच ओरडतंय तुझं पान.

अण्णांना मी काय शिकते ते कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, आपल्याकडं डबे येतात ना, त्यावर रंगानं नाव असतं. आत काय आहे ते डब्याला माहीत नसतं, तुम्हाला नावावरून कळतं. तसं. मजकुराला नाव द्यायचं, मग कॉम्प्युटरला कळतं हा मथळा आहे, हे चित्र आहे, ही यादी आहे." अण्णांनी थोडा विचार केला. "आन् नाव चुकलं तर?" "तर शिंद्यांचं पीठ माळ्यांच्या घरी जातं." ते हसले. म्हणाले, "मग ध्यान देऊन शीक."

मशीनची बॅटरी दहा-बारा दिवसांत संपायची. शिबिरातून मिळालेली पाकिटं संपली आणि मग खरी अडचण कळली. परंड्यात ती बॅटरी कुणी पाहिलेलीच नव्हती. बार्शीत दुकानदार "मागवून देतो" म्हणायचे आणि विसरायचे. सोलापूरला मिळायची, पण त्यासाठी गिरणी दिवसभर बंद ठेवावी लागे. अण्णांनी मशीन डबीत ठेवलं, डबी देवळीत ठेवली आणि पुन्हा मान हलवायला लागले.

क्लासच्या इंटरनेटवर मला तीच बॅटरी सापडली. नव्यानं सुरू झालेली खरेदीची वेबसाईट होती, झगमगीत. अख्खा हिंदुस्थान घरबसल्या खरेदी करतोय असं वर लिहिलेलं. मी पाकीट टोपलीच्या चित्रात टाकलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आमचा पिनकोड घातला. खाली लाल अक्षरं आली. या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. मला वाटलं आकडा चुकला. पुन्हा घातला. पुन्हा लाल. मग गंमत म्हणून आमच्या आजूबाजूच्या गावांचे घालून पाहिले. सगळे लाल. अख्ख्या हिंदुस्थानात आम्ही नव्हतो.

त्याच आठवड्यात ते झालं. भर दुपारी वीज गेलेली होती आणि अण्णा मोटारीवरून घसरलेला पट्टा चढवत होते. स्टार्टरचा दांडा सुतळीनं बांधून ठेवलेला होता, म्हणजे वीज आली की गिरणी आपोआप सुरू व्हावी. खेड्यापाड्यांत असं करतात, चूकच ती. स्वयंपाकघरातला दिवा लागला. आई जिवाच्या आकांतानं ओरडली, "अवो, लाईट आली! हात काढा! हात!" मी अंगणात होते. मला ऐकू आलं, शेजारणीला ऐकू आलं, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू आलं. अण्णांना नाही. मी धावत जाऊन सुतळी ओढली तोवर पट्ट्यानं त्यांच्या करंगळीचं टोक नेलं होतं. पांढऱ्या पिठावर लाल थेंब पडले. अण्णा त्या थेंबांकडं बघत होते आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "दळण कुणाचं हाय? त्यांना नवं द्या."

दुसऱ्या दिवशी मी त्या वेबसाईटच्या फोन नंबरवर फोन लावला. बऱ्याच गाण्यानंतर एक मुलगी हिंदीत बोलली. ती गोड होती, तिचा काही दोष नव्हता. म्हणाली, "मॅडम, वो एरिया हमारे यहाँ नहीं आता." मी विचारलं, "नहीं आता मतलब? हम रहते हैं ना इधर." ती म्हणाली, जवळच्या मोठ्या शहरातला कुणाचा पत्ता असेल तर द्या. बार्शीला मामा होता. मामाचा पत्ता घातला आणि लाल अक्षरांच्या जागी हिरवी आली. चार-पाच दिवसांत पाकीट मामाकडं पोचलं, मामानं ते एसटीच्या कंडक्टरकडं दिलं आणि कंडक्टरनं आमच्या फाट्यावर. अण्णांच्या कानात मशीन पुन्हा बोलायला लागलं. सगळे खूश झाले. मी नव्हते. बॅटरी आली होती, पण दुसऱ्याच्या पत्त्यावर उभं राहून. आमच्या गावाला नाव होतं, पोस्ट होतं, मतदानाला पेटी येत होती. फक्त वस्तू येणार नव्हती.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं एक वेबसाईट बनवून परीक्षकाला दाखवायची होती. बाकीची मुलं मोबाईलच्या दुकानाची, नाहीतर फुलांच्या चित्रांची बनवत होती. मी कदम सरांना म्हटलं, मी खरेदीची बनवणार, आणि ती खरी चालणार. सर म्हणाले, "चालणारी कशाला? दिसली तरी पुरे." मी म्हटलं, "नुसती दिसणारी बघून झाली सर." त्यांनी मग मला फुकट जागा मिळणारं एक ठिकाण दाखवलं आणि भरलेला फॉर्म थेट माझ्या ईमेलवर येऊन पडेल अशी सोयही शोधून दिली. मराठीवरून मात्र आमचं वाजलं. मी पान मराठीत लिहिलं तर पडद्यावर नुसते चौकोन उमटले, ओळीच्या ओळी चौकोन. सर म्हणाले, "इंग्रजीत कर, सोपं जाईल." मी म्हटलं, "सोपं कुणाला?" आठवडाभर मी त्या चौकोनांशी झुंजले. शेवटी कळलं की पानाच्या अगदी माथ्यावर, कुणाला न दिसणाऱ्या भागात, एक ओळ लिहावी लागते. ही अक्षरं कोणत्या पद्धतीनं वाचायची ते सांगणारी. ती ओळ घातली, पान पुन्हा उघडलं, आणि चौकोन फुटून त्यातून आमच्या गावाचं नाव बाहेर आलं, अनुस्वारासकट. मी माडीवर इतक्या मोठ्यानं ओरडले की खालून औषधवाला काय झालं बघायला वर आला.

पान साधंच होतं. एक तक्ता. बॅटरी, चष्म्याची काडी, कुकरची रबर, मिक्सरचं पातं, शिवणयंत्राचे सुटे भाग, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. खाली तुमचं नाव, तुमचं गाव आणि पिनकोडची यादी, दाबली की खाली उघडणारी. त्या यादीत मी फक्त तेच पिनकोड घातले जे त्या झगमगीत वेबसाईटवर लाल झाले होते. वस्तू मामाच्या पत्त्यावर मागवायची, एसटीनं आणायची आणि गिरणीत ठेवायची. दळणाला तर सगळ्यांना यावंच लागतं.

गावात तेव्हा इंटरनेट कुणाकडं होतं? म्हणून सुरुवातीला वेबसाईट माझी आणि ऑर्डर भरणारीही मीच. बायका डबा ठेवता ठेवता सांगायच्या. पहिल्या आल्या त्या शेजारच्या गावच्या शकीलाबी. शिवणकामावर घर चालवणाऱ्या. म्हणाल्या, "पोरी, मशीनची बॉबिन केस मोडली. लई दिवस झाले, गिऱ्हाईकं परत जायलेत. तुझ्या त्या कॉम्प्युटरात हाय का बघ." केस आली त्या दिवशी त्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि दळण तसंच सोडून घरी पळाल्या, मशीन चालू करायला. पीठ संध्याकाळी आठवण झाल्यावर नेलं. मग एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी स्वतःच्या मोबाईलवरून ऑर्डर भरली. मी क्लासात ईमेल उघडलं आणि तिथं मी न लिहिलेलं एक नाव बसलेलं होतं. अनोळखी माणसानं माझं दार वाजवलं होतं. तो आनंद मला पुढं मोठमोठ्या कामांतही तसा मिळाला नाही.

परीक्षक बाहेरून आले. कडक इस्त्री, हातात पाण्याची बाटली. सगळ्यांच्या वेबसाईटी भराभर बघत माझ्यापाशी पोचले. टॅग नीट बंद केलेत म्हणाले, तक्ता चांगलाय म्हणाले. मग त्यांनी स्वतःची ऑर्डर भरून बघायला घेतली. नाव लिहिलं आणि पिनकोडची यादी उघडून खाली-वर केली.

"यात पुणे नाही?"

"न्हाय सर."

"मुंबई?"

"ती पण न्हाय."

"मग मी ऑर्डर कशी देणार?"

"तुमाला द्यायची गरजच न्हाय सर. तुमच्याकडं सगळे येत्यात."

मागं कुणीतरी हसलं. परीक्षकांनी खुर्ची वळवली. म्हणाले, "हा मोठा दोष आहे. खरेदीची वेबसाईट सगळ्यांसाठी असते."

"ज्या सगळ्यांसाठी हायेत त्यात आमचं गाव न्हाय. त्यांना कुणी नापास केलंय का सर?"

कदम सर खोकले. माझा आवाज मोठा झाला होता. मला हळू बोलताच येत नाही, ते मी वर सांगितलंच आहे. परीक्षक चिडले नाहीत, हे मला मान्य करावं लागेल. शांतपणे म्हणाले, "हे बघ, वाद नको. पुण्याचा एक पिनकोड वाढव. एका ओळीचं काम आहे. लगेच पास करतो."

खरंच एका ओळीचं होतं. वरची ओळ उचलायची, खाली चिकटवायची, आकडे बदलायचे. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी पानाचा कच्चा मजकूर उघडला, यादीच्या खाली गेले आणि एक ओळ वाढवलीही. इतर पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. तिला लाल रंग दिला, टॅग बंद केला आणि पान पुन्हा उघडून त्यांच्याकडं वळवलं. त्यांनी ते वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या नावापुढं नापास लिहिलं.

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा ओळखीचे म्हणाले, आत्मचरित्र लिहायचं वय तरी झालंय का तुझं? नसेल झालं. पण म्हातारपणापर्यंत थांबले तर मी समंजस होईन आणि त्या परीक्षकांची बाजूही मांडत बसेन, अशी मला भीती वाटते. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण हे प्रकरण मला दुसऱ्या सकाळवर संपवायचंय. ते पान काही वर्षं चाललं. मग फुकट जागा देणारं ते ठिकाणच बंद पडलं आणि एका रात्रीत आमचं दुकान हवेत विरलं. तोवर मोबाईल घरोघरी आले होते आणि मोठ्या कंपन्यांना आमचा पिनकोड अचानक दिसायला लागला होता. आता पाठीवर मोठी पिशवी लावलेली मुलं आमच्या गावात रोज येतात. मी धाराशिवला राहते आणि दुकानदारांच्या वेबसाईटी बनवून पोट भरते. ती परीक्षा मी पुन्हा दिली नाही. कदम सर दोनदा म्हणाले, फी मी भरतो. मी नको म्हटलं. मागच्याच महिन्यात एका साड्यांच्या व्यापाऱ्यानं मला आडवळणाची गावं यादीतून काढून टाकायला सांगितलं. नसती कटकट म्हणाला. मी काम परत केलं. असं करून धंदा वाढत नाही, ठाऊक आहे.

तर ती सकाळ. नापास झाल्याची बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. तात्या, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, दिवस उगवताच आले. आईनं चहा ठेवला. अण्णा उंबऱ्यावर बसले होते, करंगळीला अजून चिंधी बांधलेली. मी आत कणगीला टेकून उभी होते.

तात्यांनी सुरुवात केली. "अरं, पोरगी नापास झाली म्हणं. झाली तर झाली, पण मोठ्या माणसाला उलटं बोलली. परंड्यात समदे हसायलेत." अण्णा ऐकत होते. "आन् ही गिरणी हाय का पोस्ट? कुणीबी बाया येत्यात, पारसलं नेत्यात. ते कॉम्प्युटरचं बंद कर आता. भूमचं एक स्थळ हाय माझ्या बघण्यात. मानसं बरी हायेत. उन्हाळ्यात उरकून टाकू."

तात्या वाईट नव्हते. पण आमच्या घरातले सगळे निर्णय असेच झाले होते. तात्या सांगायचे, अण्णा मान हलवायचे. ओढ्याकाठचं रान विकलं ते तसंच. माझी थोरली बहीण दहावीला असताना तिचं लग्न ठरलं तेही याच उंबऱ्यावर, एका मान हलवण्यावर. ती जाताना अण्णांपुढं रडून काय म्हणाली ते त्यांना कधीच कळलं नाही. मी अण्णांच्या मानेकडं बघत होते. आई चहाची कपबशी घेऊन दारात तशीच थांबली होती.

तात्यांचं बोलून झालं. अण्णांची मान हलली नाही. त्यांनी चहा घेतला, तात्यांपुढं ठेवला आणि अगदी हळू आवाजात, आमच्या घरात कुणीच बोलत नाही इतक्या हळू, म्हणाले, "तात्या, समदं ऐकलं म्या."

"मग?"

"न्हाय."

"काय न्हाय?"

"पोरगी परंड्याला जाणार. पारसलं हितंच येणार. आन् भूमच्या लोकांना तुमीच सांगा, न्हाय म्हणून."

तात्यांनी पुढ्यातली कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "आजपातुर मला कधी न्हाय म्हणला न्हाईस तू."

"आजपातुर मला ऐकूच येत नव्हतं," अण्णा म्हणाले.

तात्या चहा तसाच ठेवून उठले. आईनं तो कप उचलला आणि माझ्या हातात दिला.